शून्याचा मोह आणि थोरवीचे माप

मुष्टियुद्धाच्या इतिहासात दोन आकडे नेहमी समोरासमोर उभे केले जातात. पहिला रॉकी मार्सियानोचा : ४९ लढती, ४९ विजय, पराभव शून्य. दुसरा महंमद अलीचा : ६१ लढती, ५६ विजय, पाच पराभव. निव्वळ अंकगणिताने निवाडा करायचा, तर वादाला जागाच उरू नये. प्रत्यक्षात मात्र सर्वकालीन थोर हेवीवेट कोण, हा प्रश्न निघाला की बहुतेक जाणकार पाच वेळा हरलेल्या अलीचे आणि तीन वेळा हरलेल्या जो लुईसचे नाव आधी घेतात. एकदाही न हरलेला मार्सियानो त्यांच्या मागून येतो. हा लोकप्रियतेचा परिणाम आहे, की आकड्यांना न दिसणारे काही या निवडीत पाहिले जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मुष्टियुद्धातील थोरवी म्हणजे नेमके काय, याचा बराच उलगडा होतो.

मुष्टियुद्धात वजनानुसार गट पडतात आणि प्रत्येक गटाला वरची मर्यादा असते. अपवाद फक्त हेवीवेटचा. आजच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंहून, अधिक वजनाचा मुष्टियोद्धा साधारणपणे हेवीवेट मानला जातो. त्यापुढे तो कितीही वजनदार असला तरी चालतो. त्यामुळेच हेवीवेट गटाचा जगज्जेता म्हणजे जगातील सर्वांत बलाढ्य पुरुष, ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून रूढ झाली. या गटात ठोशामागे असलेले वजनही मोठे असते. परिणामी अकरा फेऱ्या गुणांवर पुढे असलेला मुष्टियोद्धा बाराव्या फेरीत एकाच ठोशाने गारद होऊ शकतो. या अनिश्चिततेमुळे हेवीवेटच्या लढतींना विलक्षण रंग चढतो आणि याच अनिश्चिततेमुळे न हरण्याचे अप्रूपही वाटते.

आकडे फसवे का ठरतात?

धावपटूला घड्याळ असते, भारोत्तोलकाला वजन असते. मुष्टियोद्ध्याला मात्र समोरचा माणूस हेच एकमेव माप असते. तो माणूस बदलला की मापही बदलते. त्यातच व्यावसायिक मुष्टियुद्धात टेनिससारखी सोडत नसते की साखळी सामने नसतात. कोणाशी लढायचे, केव्हा लढायचे आणि कोणाला टाळायचे, हे व्यवस्थापक आणि लढतींचे आयोजक करारातून ठरवतात. होतकरू मुष्टियोद्ध्याला सुरुवातीची काही वर्षे बेताच्या कुवतीचे प्रतिस्पर्धी दिले जातात, हे या व्यवसायातले उघड गुपित आहे. तेव्हा पराभवाच्या रकान्यातले शून्य कमावता येते, तसे ते जपताही येते. कोणते शून्य कमावलेले आणि कोणते जपलेले, हे समोरच्या रकान्यातील नावे वाचल्याशिवाय कळत नाही.

मार्सियानोचे शून्य जपलेले होते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पाच फूट दहा इंच उंची, सुमारे ८४ किलो वजन आणि हातांची लांबी हेवीवेटच्या मानाने अगदीच तोकडी, असा हा माणूस. आजच्या नियमांनी तो हेवीवेटमध्ये बसलाही नसता. सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फियात जगज्जेता जर्सी जो वॉलकॉटने पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडले. बारा फेऱ्यांनंतर मार्सियानो गुणांवर मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका आखूड ठोशाने त्याने वॉलकॉटला निपचित पाडले आणि किताब मिळवला. दमसास, सोशिकता आणि शेवटपर्यंत न ओसरणारी ठोशांची ताकद या तीन गुणांत त्याची बरोबरी करणारे फार थोडे झाले. त्याच्या ४९ विजयांपैकी ४३ नॉकआउटने मिळवलेले आहेत.

तथापि त्याच्या मोठ्या विजयांची यादी पाहताना प्रतिस्पर्ध्यांची वयेही पाहावी लागतात. १९५१ मध्ये त्याने जो लुईसला हरवले, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परतला होता. वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. १९५५ मध्ये मार्सियानोच्या अखेरच्या लढतीत समोर आलेला आर्ची मूरही चाळिशीच्या आसपास होता. ही सारी मोठी नावे. पण ती मार्सियानोच्या वाट्याला आली ती उतरणीच्या काळात. हा त्याचा दोष नव्हे, काळाचा योग होता. थोरवीचे माप घेताना तो हिशेबात धरावा लागतो, एवढेच. ‘कोणाला हरवले’ या प्रश्नाला ‘केव्हा हरवले’ हा दुसरा प्रश्न कायमचा जोडलेला आहे.

समोर कोण होते?

या दोन प्रश्नांच्या कसोटीवर अली सर्वांच्या पुढे निघून जातो. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामीत, कॅशियस क्ले या मूळ नावाने लढताना, वयाच्या २२ व्या वर्षी त्याने सनी लिस्टनकडून किताब घेतला. फ्लॉईड पॅटरसनसारख्या जगज्जेत्याला लिस्टनने त्याआधी दोनदा पहिल्याच फेरीत लोळवले होते. पुढे सत्तरच्या दशकात अलीसमोर जो फ्रेझियर, केन नॉर्टन आणि जॉर्ज फोरमन उभे ठाकले. यातला एकही त्या वेळी थकलेला वा संपलेला नव्हता.

ऑक्टोबर १९७४ मधील किन्शासाची लढत हे याचे ठळक उदाहरण. फोरमन तेव्हा २५ वर्षांचा होता. चाळीसपैकी चाळीस लढती त्याने जिंकल्या होत्या, त्यांतील ३७ नॉकआउटने. ज्या फ्रेझियर आणि नॉर्टन यांनी अलीला हरवले होते, त्या दोघांचाही फडशा त्याने प्रत्येकी दोन फेऱ्यांत पाडला होता. अली ३२ वर्षांचा होता आणि त्याच्या पायांतली जुनी चपळाई ओसरली होती. तो जिंकेल असे मानणारे थोडे होते; त्याच्या जिवाची काळजी करणारे पुष्कळ. अलीने रिंगच्या दोरांवर रेलून, हातांच्या आड चेहरा आणि बरगड्या झाकून फोरमनला मनसोक्त ठोसे मारू दिले. झाइरच्या दमट हवेत फोरमनचे हात जड होत गेले. आठव्या फेरीत अली दोरांपासून सुटला आणि काही क्षणांत फोरमन जमिनीवर होता. ‘रोप-अ-डोप’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या डावपेचाचे कौतुक पुष्कळ होते. पण त्याचे खरे मोल वेगळे आहे. ज्या शस्त्रावर आजवर भिस्त होती ते शस्त्र बोथट झाल्यावर, ऐन लढाईत दुसरे घडवणे ही गोष्ट तालमीत शिकवता येत नाही.

याच कसोटीवर माइक टायसनचे स्थान वादग्रस्त ठरते. नोव्हेंबर १९८६ मध्ये २० वर्षांचा टायसन सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. जून १९८८ मध्ये तोवर अपराजित असलेल्या मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत झोपवले. हातांचा वेग, डोके सतत हलते ठेवून आत घुसण्याची पद्धत आणि दोन्ही हातांतील संहारक ताकद यांचा असा मिलाफ हेवीवेटमध्ये क्वचितच दिसला होता. मात्र फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत नॉकआउट केले. तुरुंगवासानंतर परतल्यावर त्याच्या पिढीचे दोन सर्वोत्तम मुष्टियोद्धे त्याच्यासमोर आले : इव्हँडर होलीफील्ड आणि लेनॉक्स लुईस. दोघांकडूनही तो हरला. टायसनच्या कारकिर्दीत झंझावाती विजय पुष्कळ आहेत. परंतु पिछाडीवर पडून, मार खाऊन, मग उलटवलेली एकही मोठी लढत नाही. त्याच्या उमेदीचा काळ दीपवून टाकणारा होता, यात शंका नाही. मात्र दीपवणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूने डग्लसचे उदाहरणही बोलके आहे. टोकियोतील त्या रात्री त्याने जे केले ते हेवीवेटच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित यशांपैकी एक होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होलीफील्डने त्याला तिसऱ्या फेरीत गारद केले. एका रात्रीच्या पराक्रमाने नाव इतिहासात जाते. थोरांच्या पंगतीत जाण्यासाठी अशा रात्री वारंवार याव्या लागतात.

पराभवाचे वाचन

थोरवीची सर्वांत कठोर कसोटी पराभवानंतर सुरू होते. हरलेला माणूस पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो का, आणि राहिला तर काय बदलून येतो, हे पाहावे लागते.

जून १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने जो लुईसला बाराव्या फेरीत नॉकआउट केले. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर लुईस डावा हात खाली सोडतो, हे श्मेलिंगने आधीच हेरले होते आणि त्याच फटीतून त्याचा उजवा हात वारंवार आत येत होता. पुढच्याच वर्षी लुईस जगज्जेता झाला. पण श्मेलिंगला हरवल्याखेरीज स्वतःला जगज्जेता मानण्यास तो तयार नव्हता. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ही परतफेड झाली. ती दोन मिनिटे आणि चार सेकंदांत संपली.

अलीच्या पाच पराभवांचेही असेच वाचन करता येते. फ्रेझियर (१९७१), नॉर्टन (१९७३) आणि लिऑन स्पिंक्स (१९७८) हे पहिले तिघे. नॉर्टनच्या लढतीत तर अलीचा जबडा मोडला होता. या तिघांनाही त्याने पुढे हरवले. स्पिंक्सला त्याच वर्षी हरवून तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. उरलेले दोन पराभव लॅरी होम्स (१९८०) आणि ट्रेव्हर बर्बिक (१९८१) यांच्याकडून झाले, ते वयाच्या ३८ व्या आणि ३९ व्या वर्षी, ज्या काळात त्याने रिंगमध्ये पाऊल ठेवायलाच नको होते. लुईसचा रकानाही आश्चर्य वाटावे इतका सारखा आहे. पहिला पराभव त्याने फेडला. उरलेले दोन, एझर्ड चार्ल्सकडून १९५० मध्ये आणि मार्सियानोकडून १९५१ मध्ये, प्राप्तिकराच्या थकबाकीने त्याला निवृत्तीतून परत रिंगमध्ये ढकलल्यानंतरचे आहेत.

लेनॉक्स लुईसची कारकीर्द तर या कसोटीचे पाठ्यपुस्तकच म्हणावी. ऑलिव्हर मॅकॉल (१९९४) आणि हसीम रहमान (२००१) यांनी त्याला नॉकआउट केले आणि त्याचा जबडा कच्चा असल्याचा बोभाटा झाला. दोघांनाही त्याने परतीच्या लढतीत हरवले. होलीफील्डशी मार्च १९९९ मध्ये बरोबरी झाली. नोव्हेंबरमध्ये लेनॉक्स जिंकला. व्यावसायिक कारकीर्द संपवताना असा एकही प्रतिस्पर्धी उरला नव्हता, ज्याला त्याने कधी ना कधी हरवले नव्हते. दोन पराभव असलेला हा हिशेब अनेक शून्यांहून अधिक भरीव आहे.

जॉर्ज फोरमनने तर परतफेडीसाठी वीस वर्षे घेतली. किन्शासातील पराभवानंतर तो १९७७ मध्ये रिंगपासून दूर गेला आणि दहा वर्षांनी परतला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, गुणांवर मागे असताना त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत खाली पाडले आणि तो सर्वांत वयस्कर हेवीवेट जगज्जेता ठरला. तरुणपणी केवळ ताकदीवर विसंबणारा फोरमन या वेळी एका ठोशाची वाट पाहत नऊ फेऱ्या धीराने लढला होता. मार्च २०२५ मध्ये तो निवर्तला, तेव्हा पहिल्या विजेतेपदाहून या दुसऱ्या विजेतेपदाचीच आठवण अधिक निघाली.

सिंहासनाची मुदत

तिसरी कसोटी राज्यकालाची. लुईस १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता राहिला आणि या काळात त्याने २५ वेळा किताब यशस्वीपणे राखला. हेवीवेटमध्ये हा विक्रम अद्याप अबाधित आहे. त्याच्या काही प्रतिस्पर्ध्यांची वृत्तपत्रांनी टिंगल केली, हे खरे. पण जो येईल त्याच्याशी लढण्याची तयारी, तीही वर्षात अनेकदा, हा त्या राजवटीचा विशेष होता. १९४१ मध्ये वजनाने बराच हलका असलेला बिली कॉन बारा फेऱ्या लुईसला चकवत राहिला आणि विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचला. तेराव्या फेरीत लुईसने त्याला गाठलेच.

मात्र केवळ मुदतीवर थोरवी ठरत नाही. लॅरी होम्सने सात वर्षांत वीसदा किताब राखला आणि त्याचा जॅब इतिहासातील सर्वोत्तमांपैकी एक मानला जातो. तरी अली आणि टायसन या दोन झगमगाटांच्या मधली जागा त्याच्या वाट्याला आली. त्याचा सर्वांत गाजलेला विजय थकलेल्या अलीवरचा. त्याने त्याचे मोल वाढण्याऐवजी घटलेच. युक्रेनचा व्लादिमिर क्लिच्को २००६ पासून २०१५ पर्यंत सिंहासनावर होता. पण त्या काळात त्याला खरे आव्हान देऊ शकेल असा मुष्टियोद्धा होता त्याचाच थोरला भाऊ व्हिताली, आणि एकमेकांशी न लढण्याचे वचन दोघांनी आईला दिले होते. थोर होण्यासाठी तोलामोलाचा शत्रू लागतो आणि तो मिळणे हे काही अंशी दैवाधीन असते.

किताबांच्या गर्दीने ही कसोटी आणखी अवघड केली आहे. लुईसच्या काळी जगज्जेता एकच असे. पुढे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापला जगज्जेता जाहीर करू लागल्या. त्यामुळे ‘जगज्जेता’ या शब्दाची किंमतच पातळ झाली. १९९९ मध्ये लेनॉक्सने निर्विवाद विजेतेपद मिळवल्यानंतर पुढचा निर्विवाद हेवीवेट जगज्जेता मिळण्यास मे २०२४ उजाडावे लागले. त्या महिन्यात रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवले आणि चारही पट्टे एकत्र आणले.

काळाच्या तराजूत

मार्सियानो आणि फ्युरी लढले असते तर? अशा काल्पनिक लढती चाहत्यांच्या गप्पांत रोज होतात. सहा फूट नऊ इंच उंचीच्या फ्युरीचे वजन कित्येक लढतींत १२० किलोंच्या आसपास वा त्याहूनही अधिक भरले. मार्सियानोहून तो जवळपास दीडपट. शरीरे मोठी झाली, आहार आणि व्यायामशास्त्र बदलले, लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. आजचा मध्यम दर्जाचा हेवीवेट कदाचित १९२० च्या दशकातील जॅक डेम्प्सीला निव्वळ आकाराच्या जोरावर जड गेला असता. पण त्याने डेम्प्सी लहान ठरत नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या काळाशी, त्याच्या काळात उपलब्ध असलेल्या ज्ञानाशी आणि प्रतिस्पर्ध्यांशीच करावी लागते.

शिवाय आकार हे सर्वस्व नाही, याचा दाखला उसिकनेच दिला. हलक्या क्रूझरवेट गटाचे निर्विवाद विजेतेपद मिळवून तो वर आला. डिसेंबर २०२४ मधील दुसऱ्या लढतीत फ्युरी त्याच्याहून सुमारे २५ किलोंनी जड होता. तरीही सतत हलणारे पाय, अंतराचा अचूक अंदाज आणि शेवटच्या फेऱ्यांत वाढत जाणारा वेग यांच्या बळावर उसिकच जिंकला. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत नॉकआउट करून, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो पुन्हा निर्विवाद जगज्जेता झाला. त्याच्या पराभवाच्या रकान्यातही तेव्हा शून्य होते. पण ते प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन कमावलेले शून्य होते.

ज्यांना रिंगच मिळाली नाही

आतापर्यंतच्या साऱ्या कसोट्या एक गोष्ट गृहीत धरतात : लढण्याची संधी. हेवीवेटच्या इतिहासात ती सर्वांना मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा जगज्जेता जॉन एल. सलिव्हन कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांशी लढण्यास नकार देत असे. त्यामुळे ऑस्ट्रेलियात नाव मिळवलेल्या पीटर जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही. १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅक्सन आणि जेम्स कॉर्बेट यांची लढत ६१ फेऱ्यांनंतर निकालाविना थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी त्याच कॉर्बेटला सलिव्हनशी लढण्याची संधी मिळाली आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सन होता तिथेच राहिला.

१९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. त्याला खाली खेचण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रीजला पाचारण करण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला हरवले, तेव्हा अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळून माणसे प्राणास मुकली. जॉन्सनला पुढे खटल्यात गुंतवून शिक्षा ठोठावण्यात आली. तिला राष्ट्राध्यक्षांची मरणोत्तर माफी मिळाली ती २०१८ मध्ये. जॉन्सनने १९१५ मध्ये किताब गमावला आणि त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईसला संधी मिळेपर्यंत, तब्बल २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिले गेले नाही. सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स यांची उमेदीची वर्षे याच दारासमोर थांबण्यात गेली. विल्सशी लढण्याचा करार डेम्प्सीने केला. लढत मात्र झाली नाही. दार बंद असल्याने ते दोघे एकमेकांशीच डझनाहून अधिक वेळा लढले. जॉन्सननेही जगज्जेता झाल्यावर लँगफर्डला संधी दिली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणूनच सर्वकालीन थोरांची कोणतीही यादी वाचताना ती अपुरी आहे, याचे भान हवे. काहींचे शून्य भरीव आहे, काहींचे पोकळ. आणि काहींच्या वाट्याला आलेले शून्य हे किताबाच्या लढतींचे आहे.

रिंगबाहेरील जीवन थोरवीच्या हिशेबात धरावे का, या जुन्या वादाचे उत्तरही येथेच सापडते. निव्वळ लोकप्रियतेने ठोसा जड होत नाही. पण एप्रिल १९६७ मध्ये अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, तेव्हा त्याचा किताब आणि लढण्याचा परवाना काढून घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. परंतु वयाच्या २५ ते २८ दरम्यानची साडेतीन वर्षे परत मिळाली नाहीत. आधीचा अली क्वचितच मार खात असे. परतलेल्या अलीचे पाय मंदावले होते आणि मार खाऊन जिंकणे त्याला शिकावे लागले. भूमिका रिंगबाहेर घेतली गेली, तिची किंमत रिंगमध्ये चुकवली गेली.

किंमत

ती किंमत किती होती, हे मनिलात दिसले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रेझियर आणि अली तिसऱ्यांदा समोरासमोर आले. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना झोडपून काढले. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. अली आपल्या कोपऱ्यात कोसळण्याच्या बेतात होता. पंधरावी आणि अखेरची फेरी बाकी असताना फ्रेझियरचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझियर विरोध करत होता. फच यांनी ऐकले नाही.

ही लढत अनेकांच्या मते हेवीवेटमधील सर्वश्रेष्ठ. थोरवीचे जे जे गुण वर आले, ते सारे तिच्यात आहेत : तोलामोलाचा शत्रू, पिछाडीतून परतणे, शेवटपर्यंत न हटणे. आणि नेमके हेच गुण माणसाला आतून झिजवतात. वारंवार डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला होणाऱ्या कायमच्या इजेचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने १९२८ मध्येच केले होते. अलीचे वैद्य फर्डी पचेको यांनी १९७७ मध्ये त्याला थांबण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही, तेव्हा पचेको त्याच्यापासून दूर झाले. अली आणखी चार वर्षे लढला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन असल्याचे निदान झाले. या आजारामागे केवळ ठोसेच होते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत चेतवताना थरथरणारा त्याचा हात पाहून तो प्रश्न कोणाच्या मनात आला नसेल, असे नाही.

येथे मार्सियानोकडे पुन्हा पाहावे लागते. एप्रिल १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी, किताब हातात असताना तो थांबला आणि पुन्हा लढला नाही. १९६९ मध्ये विमान अपघाताने त्याचे आयुष्य संपवले, मुष्टियुद्धाने नव्हे. कोणाला हरवले या कसोटीवर तो अली आणि लुईस यांच्या मागे राहतो. पण केव्हा थांबावे हे ओळखण्याच्या कसोटीवर ते दोघेही नापास झाले आणि तो उत्तीर्ण झाला. त्याच्या शून्यातला हा भाग सहसा मोजला जात नाही.

तेव्हा सर्वकालीन थोर हेवीवेट ठरवताना कोणाशी लढला, तो प्रतिस्पर्धी तेव्हा ऐन भरात होता का, हरल्यावर काय केले, किती काळ टिकला, आणि ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांच्या अनुपस्थितीत तो थोर ठरला का, हे प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. या प्रश्नांना सामोरे जाऊन जो उरतो, तो बहुधा अली असतो. काहींच्या लेखी लुईस. मनिलातील त्या सकाळी पंधरावी फेरी झाली असती तर कोण जिंकले असते, यावर आजही वाद होतात. फच यांनी मात्र फेरीऐवजी माणूस निवडला होता. त्यानंतर जो फ्रेझियर २०११ पर्यंत, आणखी ३६ वर्षे जगला.